ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता. दसऱ्याच्या शिबिरात रक्तदान केलं तर चालेल का? रक्त तपासतातच ना?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात. ऑगस्टमध्ये डेंग्यू होऊन गेला, तर दसऱ्याला कंपनीतल्या शिबिरात रक्त देता येईल का? फॉर्मवर ते लिहिलंच नाही तर काय बिघडतं, शेवटी रक्त तपासतातच ना? आणि मलेरिया तपासतात तर डेंग्यू का नाही?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही देता येणार. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाल्यावर पूर्ण बरं होऊन सहा महिने थांबायचं. मलेरियाला तीन महिने, झिकाला चार.

दुसऱ्यासाठी जरा आत यावं लागेल. मी पुण्यात एका रक्तपेढीत चौदा वर्षं टेक्निशियन आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या कायद्याने बंधनकारक आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. यादी इथेच संपते. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका यांतलं काहीही त्यात नाही. काही रक्तपेढ्या 'नॅट' नावाची, थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी महागडी तपासणी करतात, लोकांना वाटतं त्यात सगळंच येतं. तसं नाही. तीही एचआयव्ही आणि दोन हिपॅटायटिस यांच्यापुरतीच. म्हणजे 'रक्त तपासतातच ना' हा तुमचा भरवसा डेंग्यूच्या बाबतीत फोल आहे. तिथे आमच्याकडे एकच चाळणी आहे, ती म्हणजे फॉर्म आणि तो भरून घेताना आम्ही विचारलेले चार प्रश्न.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. खरं तर मला तुमची फारशी भीती वाटत नाही. डेंग्यूचा विषाणू रक्तात साधारण आठवडाभर असतो, दोन महिन्यांनी तो तुमच्या रक्तात सापडण्याची शक्यता अगदी कमी. सहा महिन्यांची मुदत हा हात राखून केलेला हिशोब आहे. भीती वाटते ती तुमच्या शेजारच्या खाटेवर झोपून मजेत चेंडू दाबत रक्त देणाऱ्याची, ज्याला अजून काहीच झालेलं नाही. ताप चढायच्या एक-दोन दिवस आधीच विषाणू रक्तात उतरलेला असतो. आणि डेंग्यूची लागण झालेल्या चारांपैकी सुमारे तिघांना तर लक्षणंच येत नाहीत. ते फॉर्मवर काय लिहिणार?

काही वर्षांपूर्वीचा एक मुलगा मला अजून आठवतो. गणपतीच्या आधीचं शिबिर, मंडळाचा मांडव, बाहेर चिकचिक पाऊस. वय तेवीस-चोवीस, हिमोग्लोबिन पंधरा, एकदम ठणठणीत. मी नेहमीसारखं विचारलं, ताप वगैरे? "नाही मॅडम, अंग जरा दुखतंय, पण ते ढोलाचं. रोज तीन तास सराव चाललाय." त्याच्या कंबरेला ढोलाच्या पट्ट्याचा वळही दिसत होता, मला पटलं. साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी घेतली, चहा-बिस्किट दिलं. रात्री पाचही तपासण्या निगेटिव्ह आल्या, सकाळी लेबलं लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन: "मॅडम, काल रात्रीपासून एकशे तीन ताप आहे. डॉक्टर म्हणाले डेंग्यू. ते माझं रक्त कुणाला दिलं तर नाही ना?"

एका पिशवीचे आम्ही तीन भाग करतो. लाल पेशी फ्रिजमध्ये होत्या, प्लाझ्मा गोठवलेला होता, दोन्ही लगेच बाजूला काढून नष्ट केले. प्लेटलेट्स मात्र गेल्या होत्या. त्या पाचच दिवस टिकतात आणि साथीच्या दिवसांत एजिटेटरवर, म्हणजे त्यांना सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, जेमतेम डुलायला लागल्या की मागणीचा कागद येतो. मी वॉर्डात फोन लावला. तिकडचे डॉक्टर क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "मॅडम, पेशंट डेंग्यूचाच आहे."

आता सांगा, त्या पेशंटला पुढे जे झालं ते त्याला चावलेल्या डासाचं की आमच्या पिशवीचं? तो बरा होऊन घरी गेला, एवढंच मला कळलं. पण नोंदवहीत काय लिहायचं, हे कुणालाच सुचलं नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. रक्तातून डेंग्यू जातो हे सिद्ध झालेलं आहे. सिंगापूरला २००७ मध्ये एका दात्याने दुसऱ्या दिवशी ताप आल्याचं स्वतःहून कळवलं, तोवर त्याच्या रक्ताचे घटक तिघांना चढले होते. दोघांना ताप आला, तिसऱ्याच्या रक्तात नुसती लागण दिसली. तिथे धागा सापडला, कारण दात्याने कळवलं आणि रुग्ण शोधता आले. आपल्याकडे पावसाळ्यात रक्त घेणारा, देणारा, नातेवाईक आणि सुई टोचणारी मी, सगळ्यांना तोच डास चावत असतो. देशभरात केलेल्या २०१७-१८ च्या पाहणीत जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात जुन्या डेंग्यूच्या खुणा सापडल्या होत्या, आपल्या पश्चिम भागात तर साठ टक्क्यांहून जास्त. मोजताच येत नाही त्या धोक्यावर पैसे कोण खर्च करणार?

अमेरिकेचं उलट झालं. वेस्ट नाईल हाही डासाचाच विषाणू, १९९९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला, आधी कावळे पटापट मेले. २००२ च्या उन्हाळ्यात एकाच मृत दात्याचे अवयव मिळालेले चारही जण आजारी पडले. शोध घेतला तर त्या दात्याला मरण्याआधी भरपूर रक्त चढवलेलं, आणि विषाणू त्या रक्तातून आलेला. त्या वर्षी रक्तातून लागण झालेले २३ रुग्ण पक्के झाले. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २००३ मध्ये, देशभर तपासणी सुरूसुद्धा झाली. सहा किंवा सोळा दात्यांचे नमुने एकत्र मिसळून तपासायचे आणि साथ वाढली की एकेक वेगळा. मिसळल्यावर थोडा विषाणू पातळ होऊन निसटतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं.

पण याच अमेरिकेने झिकाच्या वेळी हात पोळून घेतले. २०१६ मध्ये देशातली प्रत्येक पिशवी झिकासाठी तपासा, असा आदेश निघाला. एका मोठ्या संस्थेने ४३ लाखांहून जास्त पिशव्या तपासल्या, त्यांत खरोखर झिका निघाला तो नऊ पिशव्यांत. एकेक पिशवी पकडायचा खर्च सुमारे ५३ लाख डॉलर! २०२१ मध्ये ती तपासणी बंद झाली. आमच्याकडे तेवढ्या पैशांत काय काय झालं असतं, याचा हिशोब मी एका रात्रपाळीत मांडून बघितला होता. न मांडलेला बरा.

रक्त बाहेरून आणणं हाही एक मार्ग असतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर २००५-०६ मध्ये चिकुनगुन्याची इतकी मोठी साथ आली की एकतृतीयांश लोक आजारी पडले. तिथे रक्त गोळा करणंच थांबवलं आणि लाल पेशी विमानाने फ्रान्सहून आणल्या. प्लेटलेट्स इतक्या दिवस टिकत नाहीत, म्हणून त्या तिथेच घेऊन, विषाणू मारायची प्रक्रिया करून वापरल्या. बेटाला फ्रान्स होता. पुण्याने सप्टेंबरमध्ये रक्त कुठून मागवायचं? साताऱ्याहून?

मलेरियाची तपासणी यादीत बसते, कारण तिचं किट स्वस्त आहे आणि परजीवी माणसाच्या अंगात महिनोन्महिने दडून राहू शकतो. डेंग्यूसाठी 'एनएस-१' ची, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणारी झटपट पट्टी आहे की, असं कुणी म्हणेल. ती तापाच्या पेशंटसाठी ठीक. धडधाकट दात्यामध्ये जिथे विषाणू नुकता शिरतोय, तिथे ती बऱ्याचदा चुकते. तिथे नॅटच हवं. ब्राझीलमध्ये २०१२ च्या साथीत तसं तपासलं, तेव्हा रिओ आणि रेसिफेच्या रक्तपेढ्यांत दर हजारी पाच ते आठ पिशव्या डेंग्यूच्या निघाल्या. ज्यांना अशी पिशवी चढली आणि ज्यांना लागण होऊ शकत होती, त्यांतल्या साधारण तिघांत एकाला ती झाली. पण इतर रक्त मिळालेल्या रुग्णांपेक्षा त्यांची तब्येत जास्त बिघडली, असं काही दिसलं नाही. हे वाचल्यापासून मी स्वतः 'सगळ्यांचं तपासा' म्हणणं सोडलं. साथीच्या तीन महिन्यांत निदान गरोदर बायका, अवयव बदललेले आणि कॅन्सरचे पेशंट यांच्यासाठी तपासलेल्या पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात, असं माझं मत आहे. मला कुणी विचारलेलं नाही, ते सोडा.

तेव्हा फॉर्मवर लपवू नका. तुमच्या ऑगस्टच्या डेंग्यूने कुणी मरेल म्हणून हे सांगत नाहीये. एकदा 'एवढं काय त्यात' म्हणून एक खूण गाळायची सवय लागली की माणूस काविळीचीही गाळतो, टॅटूचीही. आणि या एका रोगापुरती आमच्याकडे तुमच्या शब्दाशिवाय दुसरी तपासणीच नाही. टेबलावरची बाई 'सहा महिन्यांनी या' म्हणाली तर रागावू नका, तिला दिवसाला तीस जणांना ते सांगावं लागतं.

शिबिराला मात्र जा. सहकाऱ्यांना सांगा की चहासोबत जे कार्ड मिळतं त्यावर रक्तपेढीचा नंबर असतो, ते खिशातून थेट कचऱ्यात टाकू नका. पुढच्या आठवडाभरात ताप आला, अंगावर पुरळ उठलं, सांधे धरले तर त्या नंबरवर फोन करा, रात्री दोन वाजता केला तरी कुणीतरी उचलतं. त्या ढोलवाल्या पोराने तेच केलं म्हणून दोन पिशव्या वाचल्या, म्हणजे कुणाच्या अंगात गेल्या नाहीत.

तुमचे सहा महिने फेब्रुवारीअखेर भरतात. मार्चमध्ये नका येऊ, एप्रिल-मेमध्ये या. कॉलेजं बंद, अर्धं पुणं गावाला गेलेलं, शिबिरं नाहीत आणि फ्रिजचे कप्पे उघडले की आतला दिवा दिसतो. हिमोग्लोबिन साडेबारा असलं की झालं.