हाँगकाँगला जाताना कँटोनीज शिकावी का? शिकावी, आणि सुरुवात जेवणाच्या टेबलावर करावी

तुमचा प्रश्न असा आहे की, नोकरीनिमित्त दोन-तीन वर्षांसाठी हाँगकाँगला जायचे आहे, तिथे इंग्रजीवर भागते असे सगळे सांगतात, तर कँटोनीज शिकण्याचे कष्ट घ्यावेत का, आणि घ्यायचे ठरवले तर सुरुवात कुठून करावी. तुम्ही शाकाहारी आहात हेही तुम्ही लिहिले आहे. त्याविषयी शेवटी सांगतो. मी मूळचा मालवणचा, गेली बारा वर्षे हाँगकाँगमध्ये राहतो, आणि ही भाषा वर्गात जेवढी शिकलो त्यापेक्षा कितीतरी जास्त उपाहारगृहांत शिकलो. त्यामुळे माझे उत्तर स्पष्ट आहे: कष्ट अवश्य घ्या, आणि पुस्तक उघडण्यापूर्वी बाहेर जेवायला जा.

इंग्रजीवर भागते हे खरे आहे. कार्यालयात, बँकेत, मेट्रोत आणि सरकारी खिडकीवर ती चालते, कारण ती तिथली एक अधिकृत भाषाच आहे. त्या इंग्रजीत आपल्याकडचे शब्दही भेटतात: वाहनतळावर पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी असते, म्हणजे आपला सराफ, आणि वान चाय भागातल्या एका गल्लीच्या इंग्रजी नावात चक्क ‘नाला’ आहे. परंतु दहापैकी जवळजवळ नऊ माणसांची रोजची भाषा कँटोनीज आहे, आणि इंग्रजीवर भागवणारा परदेशी माणूस दहा वर्षे राहूनही पाहुणाच राहतो, असे मी माझ्या ओळखीच्या अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

मराठी माणसाला या भाषेत एक मोठी सवलत मिळते, ती आधी सांगतो. रोमन लिपीत लिहिलेल्या कँटोनीज शब्दांत ग, द, ब यांची अक्षरे दिसतात, तिथे उच्चार प्रत्यक्षात आपल्या क, त, प यांच्या जवळचा असतो, आणि जिथे क, त, प यांची अक्षरे दिसतात, तिथे श्वास सोडून म्हटलेले ख, थ, फ असतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला हा भेद पकडायला वेळ लागतो. आपण तो वर्णमालेतच शिकलेलो असतो. शिवाय ‘चाक’ आणि ‘चमचा’ या शब्दांतला आपला दंतमूलीय च तिथे जसाच्या तसा आहे. म्हणून मी माझी वही पहिल्यापासून देवनागरीत लिहिली, आणि तुम्हीही तसेच करा. सुरांच्या बाबतीत मात्र सवलत नाही. एकच ‘सी’ सहा वेगवेगळ्या सुरांत म्हटला की कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि काम असे सहा अर्थ होतात, आणि ते कानात बसायला माणसांमध्येच बसावे लागते.

माणसांमध्ये बसण्याची उत्तम जागा म्हणजे रविवार सकाळचे चहागृह. तिथल्या न्याहारीला ‘याम छा’, म्हणजे चहा पिणे, असे म्हणतात, जरी चहाबरोबर बांबूच्या टोपल्यांतून वाफवलेल्या पदार्थांची रांग लागलेली असली तरी. (आपला ‘चहा’ हा शब्दही याच ‘छा’च्या कुळातला आहे.) गर्दी असेल तर अनोळखी माणसांच्या टेबलावर रिकामी खुर्ची दाखवली जाते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. मी पहिल्यांदा असा बसलो तेव्हा समोर सत्तरीचे एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. मी वाटीला हात लावणार तोच त्यांनी मला थांबवले, किटलीतला कढत चहा माझ्या वाटीत ओतला, त्यात पेला आडवा धरून गोल फिरवला, काड्यांची टोके बुडवली, चमचा विसळला आणि ते पाणी मधल्या मोठ्या वाडग्यात ओतून दिले. मग स्वच्छ झालेल्या पेल्यात त्यांनी चहा भरला आणि स्वतःची दोन बोटे वाकवून टेबलावर टकटक करून दाखवली, म्हणजे आता तू असे कर. चहा ओतणाऱ्याचे आभार तिथे असे मानतात. चीनचा चिएनलुंग बादशहा वेशांतर करून फिरत असताना त्याने सेवकाच्या पेल्यात चहा ओतला, सेवकाला उघडपणे गुडघे टेकता येईनात म्हणून त्याने बोटांचे गुडघे टेकवले, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट उघडे ठेवायचे. हाक मारावी लागत नाही, गरम पाणी येते. त्या सकाळी मी एकही वाक्य बोललो नाही, तरी पहिला धडा पूर्ण झाला होता.

याच टेबलावर ‘धन्यवाद’ या एका शब्दाचे दोन भाग होतात. कोणी तुमच्यासाठी काही केले, म्हणजे ताट आणले, दार धरले, वाट दिली, तर ‘म् कोय’. कोणी तुम्हाला काही दिले, भेटवस्तू दिली किंवा जेवणाचे पैसे भरले, तर ‘तो चे’. वाढप्याला हाक मारायलाही ‘म् कोय’च लागते, त्यामुळे तो शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो. बिल मागायचे असेल तर ‘माय तान’ म्हणायचे. हे तीन शब्द सुरासकट बरोबर आले की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. ते तुम्ही पहिल्याच आठवड्यात अनुभवाल.

निरोप घेताना लोक ‘तक हान याम छा’ म्हणतात, म्हणजे सवड झाली की चहा घेऊ. पहिल्यांदा एका सहकाऱ्याने असे म्हटल्यावर मी तिथल्या तिथे भ्रमणध्वनी काढून कोणता रविवार सोयीचा असे विचारले आणि तो गोंधळून गेला. खरे तर मला कळायला हवे होते, कारण फाटकाशी उभे राहून ‘या एकदा घरी’ म्हणणारी माणसे पाहतच मी लहानाचा मोठा झालो. ते आमंत्रण नसते आणि खोटेपणाही नसतो. संबंध चालू आहे एवढे सांगणे असते. तसेच ‘जेवलात का?’ हा तिथला जुना अभिवादनाचा प्रश्न आहे. त्याला होकार द्यायचा आणि पुढे बोलायचे.

चहागृहाइतकेच महत्त्वाचे ठिकाण म्हणजे छा छान थेंग, म्हणजे आपल्याकडच्या इराणी हॉटेलाचा तिथला भाऊ म्हणावा असे स्वस्त, घाईचे, सगळे मिळणारे उपाहारगृह. कापडी गाळणीतून गाळलेला आणि आटवलेले दूध घातलेला कडक चहा इथलाच. तो करण्याची पद्धत 2017 साली हाँगकाँगच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत गेली. ‘पो लो पाउ’ म्हणजे अननसाचा पाव इथे मिळतो, ज्यात अननस नसतो. वरची साखरेची खरपूस साल अननसासारखी भेगाळते एवढेच. (तो ‘पाउ’ आणि आपला पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाव’ यांचे नाते नाही, पण मला ते ऐकताना दरवेळी बरे वाटते.) इथल्या वाढप्यांची स्वतःची बोली आहे. साखर आणि दूध नसलेल्या कॉफीला ते ‘उडती वाळू, पळते दूध’ म्हणतात, साध्या पांढऱ्या भाताला ‘देखणा पोरगा’ म्हणतात, पांढऱ्या पेजेला ‘देखणी पोरगी’, आणि बांधून न्यायच्या जेवणाला ‘रस्त्यावर फिरणे’. तुम्ही कोपऱ्यात बसून अर्धा तास नुसते ऐकलेत, तरी ही भाषा किती चित्रांनी विचार करते ते लक्षात येईल.

म्हणींचेही तसेच आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ म्हणी थेट स्वयंपाकघरातून येतात. मला सर्वांत आधी पाठ झाली ती ‘सिक तक हाम यू, तै तक होत’, म्हणजे खारा मासा खायचा तर तहान सोसावी. माझे कार्यालय शेंग वान भागात आहे आणि तिथून जवळच डे वू रोड वेस्टवर सुक्या मासळीची दुकाने ओळीने आहेत. पहिल्या दिवशी तो वास आला तेव्हा मी मालवणच्या बाजारात उभा असल्यासारखा थबकलो होतो, त्यामुळे ही म्हण मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. आपली ‘खाई त्याला खवखवे’ तिच्या शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत खाणे आहे आणि खाण्याचा त्रास आहे, परंतु आपली म्हण अपराधी मनाबद्दल बोलते, तर त्यांची म्हण डोळे उघडे ठेवून केलेल्या निवडीबद्दल. जास्त पगारासाठी रात्रपाळी घेतलेला माणूस ती स्वतःविषयीच, तक्रार न करता म्हणतो.

कामावरून काढून टाकण्याला ते ‘छाउ याउ यू’, म्हणजे माकूल परतणे, असे म्हणतात. पूर्वी नोकर दुकानातच राहत आणि स्वतःची वळकटी घेऊन येत. काम सुटले की वळकटी गुंडाळायची, आणि तव्यावर टाकलेले माकूल नेमके तसेच गुंडाळले जाते. आपण नारळ देतो, ते माकूल परततात. खाल्लेल्या वाटीचाच तळ उलटा करणारा माणूस म्हणजे आपला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. आणि चिडलेली आई मुलाला म्हणते, ‘तुझ्यापेक्षा भाजलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा जन्माला घातला असता तर बरे’; यात आमच्या आजीचे ‘धोंडा जन्मला असता तर धुणे धुवायला तरी उपयोगी पडला असता’ मला स्पष्ट ऐकू येते. त्यांच्या तुकड्याचे निदान जेवण तरी होते.

आता चित्रपटांविषयी. बोली शिकण्यासाठी चित्रपट हे गाण्यांपेक्षा अधिक उपयोगी साधन आहे, आणि पडद्यावर सहसा चिनी व इंग्रजी अशी दोन्ही उपशीर्षके असतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषेतल्या, चित्रपटांपुढे कँटोनीज चित्रपट जवळजवळ संपला होता. 1973 साली एका चाळवजा इमारतीतल्या भाडेकरूंवरच्या विनोदी चित्रपटाने त्याला परत उभे केले, आणि पुढच्या वर्षापासून विनोदी नट-दिग्दर्शक मायकेल हुई यांनी कष्टकरी माणसाची बोली पडद्यावर आणली. त्यांच्या 1976च्या चित्रपटाचे नाव ‘अर्धा कॅटी, आठ टेल’ असे आहे. कॅटी आणि टेल ही तिथली वजनाची मापे: सोळा टेलांचा एक कॅटी, म्हणून अर्धा कॅटी म्हणजेच आठ टेल, दोन्ही सारखेच. मंडईत आजही याच मापांनी भाजी विकतात, त्यामुळे हे नाव कळले की बाजारहाटही कळतो. 1988च्या त्यांच्या चित्रपटाचे नाव ‘कै थुंग आप कोंग’, म्हणजे कोंबडी बदकाशी बोलते, ही एकमेकांचे न समजणाऱ्या दोघांसाठीची म्हण. त्याची गोष्ट आहे ती भाजलेल्या बदकाच्या जुन्या दुकानाची आणि समोर उघडलेल्या तळलेल्या कोंबडीच्या चकचकीत दुकानाची. तुम्हाला भाषा, उपाहारगृह आणि म्हण एकाच बैठकीत हवी असेल, तर हा चित्रपट आधी पाहा.

गाण्यांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगायला हवी. बहुतेक कँटोनीज गाण्यांची भाषा ही लिखित, प्रमाण चिनी असते, फक्त उच्चार कँटोनीज असतो. ‘तो’ या साध्या सर्वनामासाठीही गाण्यात एक शब्द येतो आणि बोलण्यात दुसरा. म्हणून गाण्यातले वाक्य उचलून भाजीवाल्याशी बोलू नका. मायकेल यांचे भाऊ सॅम हुई यांची 1970च्या दशकातली कष्टकऱ्यांची गाणी मात्र याला अपवाद आहेत, कारण त्यांनी रस्त्यावरचीच बोली गायली. गाण्यांचा खरा उपयोग सुरांसाठी होतो. तिथे चाल बहुधा आधी तयार असते आणि गीतकार तिच्यात शब्द भरतो, पण शब्दाचा सूर आणि चालीचा सूर जुळला नाही, तर ऐकणाऱ्याला वेगळाच शब्द ऐकू येतो. चर्चमधल्या भाषांतरित स्तोत्रांत ‘प्रभू’चा ‘डुक्कर’ होतो हे उदाहरण मला तिथल्या अनेकांनी दिले, कारण दोन्ही शब्द ‘च्यू’ आहेत आणि फरक फक्त सुराचा आहे. त्यामुळे चांगले लिहिलेले गाणे गुणगुणताना तुमचे सूर आपोआप बरोबर पडतात. मी 1979चे ‘सिंहखडकाच्या पायथ्याशी’ हे रोमन थाम यांचे गाणे रोज सकाळी बसमध्ये ऐकत असे. जोसेफ कू यांची चाल आणि जेम्स वाँग यांचे शब्द इतके एकजीव आहेत की, वर्गात सहा महिने न जमलेले काही शब्द त्या चालीमुळे मला महिनाभरात जमले.

आता तुमच्या शाकाहाराचे. ‘भाजी’ मागितलीत तर उकडलेली हिरवी पालेभाजी येईल, आणि तिच्यावर कालवांचा रस्सा ओतलेला असेल. तेव्हा मागतानाच ‘म् साय होउ याउ’, म्हणजे कालवांचा रस्सा नको, असे म्हणा. सूपमध्ये हाडांचे पाणी असते हे गृहीत धरा. शुद्ध शाकाहारी जेवणाला ‘चाय’ असा शब्द आहे, च मात्र ‘चाक’मधला, चहा हवा असेल तर ‘छा’ म्हणायचे, नाहीतर कोणी तुम्हाला टोफू आणि अळंबीच्या ताटाकडे नेईल. आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक स्वतःच ‘चाय’ खातात, आपल्या एकादशी-चतुर्थीसारखे. त्या दोन दिवशी शाकाहारी उपाहारगृहांत जागा मिळायला वेळ लागतो, पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आजीबाई तुम्ही परदेशी असून व्रत पाळता असे समजून आपणहून बोलायला लागतात. माझ्या पत्नीची तिथली पहिली मैत्रीण अशीच, पौर्णिमेच्या दुपारी, एका वाफाळत्या ताटापलीकडून झाली.