राडारोडा ठेकेदाराने टाकला, तरी नोटीस घरमालकालाच का?

सिंहगड रस्ता परिसरातील एका वाचकांनी जानेवारी २०२६ मध्ये आपल्या सदनिकेतील दोन आतल्या भिंती, स्वयंपाकघराचा ओटा आणि दोन्ही न्हाणीघरांच्या फरश्या काढून घराचे काम करून घेतले. ठेकेदाराच्या माणसांनी राडारोडा गोण्यांत भरून टेंपोने नेला. पुढे त्यातल्या काही गोण्या जवळच्या ओढ्याच्या काठावर सापडल्या आणि एका गोणीत टाइल्सच्या फाटक्या खोक्याला चिकटलेले दुकानाचे चलन निघाले. सिमेंटच्या पाण्याने निम्मे धुऊन गेलेल्या त्या कागदावर संस्थेचे नाव आणि सदनिकेचा क्रमांक मात्र वाचता येत होता. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाने सात दिवसांत खुलासा मागणारी नोटीस दिली आहे. वाचक विचारतात, ‘राडारोडा हलवण्याची जबाबदारी ठेकेदाराची, असे करारात लिहिले आहे. मग नोटीस मला का?’

या आशयाची पत्रे माझ्याकडे वरचेवर येतात आणि प्रत्येकात करारातले तेच वाक्य ठळक करून पाठवलेले असते. त्या वाक्याने तुम्हाला महापालिकेपुढे संरक्षण मिळत नाही, हे आधी समजून घ्या. महापालिका त्या कराराची पक्षकार नाही. तिच्या दृष्टीने सगळा प्रश्न एका व्याख्येवर ठरतो. २९ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या आणि तुमच्या कामाच्या वेळी लागू असलेल्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, बांधकाम किंवा पाडकाम हाती घेणारी कोणतीही व्यक्ती किंवा निवासी आस्थापना ही हा कचरा ‘निर्माण करणारी’ ठरते. नव्या बांधकामाबरोबरच दुरुस्तीतून आणि फेरबदलांतून निघालेले साहित्यही या कचऱ्यात मोडते. घर तुमचे आणि भिंत पाडण्याचा निर्णयही तुमचा. घण कोणाच्या हातात होता, हा मुद्दा इथे गौण ठरतो. ठेकेदारही या व्याख्येत बसतो, असा युक्तिवाद जरूर करता येईल आणि मी तो खुलाशात नोंदवीनही, पण त्याच्यावर जबाबदारी आल्याने तुमची जबाबदारी संपत नाही.

नियम ४ अशा व्यक्तीला प्रथमदर्शनी जबाबदार धरतो. कचरा आपल्या आवारातच ठेवावा, नाहीतर तो स्थानिक संस्थेच्या संकलन केंद्रावर किंवा अधिकृत प्रक्रिया प्रकल्पाकडे पोहोचवावा, आणि रस्ता किंवा नाला अडेल अशा रीतीने तो कोठेही पडणार नाही याची खात्री करावी, असे कर्तव्य तो घालतो. तुमच्या करारात ‘सर्व राडारोडा ठेकेदार स्वखर्चाने हलवील’ एवढेच लिहिलेले आहे. कोठे हलवील, ते लिहिलेले नाही. त्यापुढे ‘महापालिकेच्या केंद्रावर पोहोचवून वजनाची पावती मालकास देईल आणि ती मिळाल्यावरच अखेरचा हप्ता देय होईल’ एवढे शब्द असते, तर आज तुमच्या हातात पावती असती आणि हे पत्र लिहिण्याची वेळ तुमच्यावर आली नसती. साडेचार लाखांच्या कामाचा करार एका पानावर उरकताना टाइल्सची छटा आणि नळांचा ब्रँड तेवढा काळजीपूर्वक लिहिला गेला, पण टनावारी मालाचे काय होणार, हे विचारावेसे कोणालाच वाटले नाही.

तुमच्या ओळखीच्या कोणीतरी सांगितले आहे की, वीस टनांच्या आतल्या कामाला हे नियम लागूच होत नाहीत. हा समज चुकीचा आहे आणि तो खुलाशात लिहू नका. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन ही मर्यादा कचरा वेगळा करण्याचा तपशील, व्यवस्थापन आराखडा आणि त्याची मंजुरी यांसाठी आहे. दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशी साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह पाडली, तर साधारण दोन टन माल निघतो. फरश्या आणि ओटा धरूनही तुमचे काम त्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते. म्हणून तुम्हाला आराखडा द्यावा लागला नाही. ओढ्यात टाकण्याची मुभा मात्र कोणालाच नाही, मग ती एक गोणी का असेना. २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत आणि तुमचे काम त्याआधीचे आहे, त्यामुळे त्यांची चर्चा येथे करत नाही.

आता उशिराविषयी. सात दिवसांची मुदत असताना आज अकरावा दिवस आहे आणि ते अकरा दिवस तुम्ही ठेकेदाराच्या ‘बघतो, साहेब’ या उत्तराची वाट पाहण्यात घालवले. हे मला मनापासून खटकते, कारण या टप्प्यावरचा खुलासाच तुमचे प्रकरण ठरवणार आहे. खुलासा गेला नाही, तर तुम्हाला काही म्हणायचे नाही असे गृहीत धरून आदेश होतो. पुढे कोणत्याही न्यायालयात गेलात, तरी पहिला प्रश्न हाच येतो की, संधी दिली होती तेव्हा तुम्ही काय केले. म्हणून उद्या सकाळीच कार्यालयात जा, उशिराचे खरे कारण लिहून मुदतवाढीची विनंती करा आणि तिच्यासोबतच खुलासा द्या. दोन्हींच्या प्रतींवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

खुलाशात ‘माझा संबंध नाही’ असे म्हणू नका. चलन त्यांच्याकडे आहे. जे घडले ते तारखांसह लिहा, ठेकेदाराचे नाव, पत्ता आणि कराराची प्रत द्या आणि सापडलेला माल तुमच्या खर्चाने, त्यांच्या कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत उचलून ते सांगतील त्या केंद्रावर नेण्याची लेखी तयारी दाखवा. पुण्यात राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. माल थेट तिथे न्यायचा की आधी जवळच्या संकलन केंद्रावर, हे क्षेत्रीय कार्यालयाकडून लिहून घ्या. त्यांनी सांगण्याआधी, विशेषतः रात्री, तो माल हलवायला कोणालाही पाठवू नका, कारण त्यातून पुरावा नाहीसा करण्याचा संशय अकारण ओढवेल. काम झाल्यावर वजनकाट्याची पावती, टेंपोचा क्रमांक आणि ओढ्याच्या काठाची आधीची व नंतरची छायाचित्रे पुरवणी खुलाशाला जोडा. दंड पूर्ण माफ होईल असे मी म्हणत नाही. नोटिशीची प्रत तुम्ही पाठवलेली नाही, त्यामुळे कोणत्या तरतुदीखाली किती दंड प्रस्तावित आहे, यावर मत देता येत नाही. पण स्वतःहून माल उचललेल्या माणसाकडे पाहण्याची अधिकाऱ्याची दृष्टी वेगळी असते, एवढे अनुभवावरून सांगू शकतो.

हा आग्रह केवळ वकिली सावधगिरीपोटी नाही. २५ जुलै २०२४ रोजी तुमच्याच परिसरातील एकतानगरीत नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा नदीपात्रातील भराव आणि राडारोड्याचा विषय शहरभर निघाला होता. ओढ्याच्या काठावरच्या प्रत्येक गोणीचा हिशेब पावसाळ्यात खालच्या वस्तीला चुकवावा लागतो.

अटकेची जी भीती तुम्ही व्यक्त केली आहे, ती मला या टप्प्यावर अवाजवी वाटते. हे नियम ज्याखाली केलेले आहेत, त्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ मधील कैदेच्या जागी १ एप्रिल २०२४ पासून आर्थिक दंड आला आहे आणि सार्वजनिक वाट अडवण्याविषयीच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्येही शिक्षा दंडाचीच आहे. महापालिकेविरुद्ध दावा करण्याचा विचार मात्र आज बाजूला ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे त्यासाठी आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. आदेशच झालेला नसताना तो मार्ग धरण्यात अर्थ नाही.

ठेकेदाराचे चाळीस हजार रुपये तुमच्याकडे बाकी आहेत, ही तुमच्या बाजूची एकमेव भक्कम गोष्ट आहे. ते देऊन टाकू नका आणि गप्प बसून अडवूनही ठेवू नका. करारातील ते वाक्य उद्धृत करून, माल उचलण्याचा खर्च आणि होणारा दंड या रकमेतून वळता करू, असे पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही कळवा. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली करारभंगाची भरपाई मागता येते. खर्चाची भरपाई सहज मिळावी, दंडाच्या रकमेवर मात्र वाद होईल, कारण माल योग्य ठिकाणी पोहोचवणे हे तुमचेही कर्तव्य होते. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे, त्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे, पण प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात आणि चाळीस हजारांच्या हिशेबासाठी माणसे वर्षानुवर्षे खेपा घालताना मी पाहिली आहेत. शक्य असेल तर ठेकेदाराला बोलावून हिशेब कागदावर मिटवा.

संस्थेने अनामत जप्त केल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्याचे उत्तर तुमच्या संस्थेचे स्वीकृत उपविधी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव पाहिल्याशिवाय देता येणार नाही. दोन्हींच्या प्रती सचिवांकडे लेखी मागा.

सचिवांकडे जाल तेव्हा आणखी एक काम त्याच भेटीत करा. जानेवारीत गोण्या बाहेर गेल्या, त्या दिवसांच्या नोंदी वॉचमनच्या फाटकावरच्या वहीत असतील: टेंपोचा क्रमांक, वेळ, चालकाची सही. त्या पानांच्या संस्थेच्या शिक्क्यानिशी साक्षांकित प्रती घ्या आणि मूळ वही जपून ठेवण्याविषयी संस्थेला पत्र द्या. टेंपोचा क्रमांक दाखवणारा कागद आज दुसरा कोणताही नाही आणि अशा वह्या भरल्या की महिन्याभरात रद्दीत जातात.