घरी छान वाजणारा इलेक्ट्रिक गिटारचा टोन बँडबरोबर हरवतो, काय करावं?

दोष बहुधा गिटारचा नसतो, घरी हळू आवाजात केलेल्या सेटिंगचा असतो. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी जाणवतात, म्हणून आपण ते वाढवतो आणि मिड (मधला पट्टा) कापतो. बँडमध्ये मात्र गिटारची जागा मिडमध्येच असते. खाली बेस गिटार आणि किक ड्रम, वर सिंबल.

म्हणून टोन तालमीतच, ड्रम चालू असताना लावा. सुरुवातीला अँपवर दहापैकी बास ४, मिड ७, ट्रेबल ५. गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) घरच्यापेक्षा निदान एक तृतीयांश कमी, हे सगळ्यांत महत्त्वाचं. जास्त गेनने पिकचा आघात दबतो, कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात आणि फीडबॅक (शिट्टीसारखा घुमणारा आवाज) लवकर सुरू होतो.

अँप जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. स्पीकर पोटऱ्यांवर रोखलेला असला की तुम्हाला ट्रेबल कमी वाटतो, तुम्ही तो वाढवता आणि त्रास पहिल्या रांगेला होतो.

अँपला माइक लावत असाल तर एसएम५७ (वाद्यांसाठी नेहमी वापरला जाणारा माइक) जाळीपासून २-३ सेंमीवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेसमोर. अगदी मध्यावर आवाज कर्कश येतो, बाहेरच्या कडेला बोथट. साउंडवाल्याला ८०-१०० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावायला सांगा. जाड ई तार ८२ हर्ट्झची आहे, त्याखाली नुसता गडगडाट.

सोलोसाठी बूस्ट पेडल (आवाज वाढवणारं) डिस्टॉर्शन पेडलच्या (आवाज फाडणाऱ्या) नंतर, ३ ते ५ डेसिबल. आधी लावलं तर आवाज फारसा वाढत नाही, गेनच वाढतो.