आधी खिडकीच्या आत बसून ये

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दादरच्या पुलावर होते. गर्दीत धड ऐकू येत नव्हतं, म्हणून "बरं, सांगते नंतर" एवढं बोलून ठेवून दिला. पण घरी पोहोचेपर्यंत तुझाच विचार चालू होता. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम तुझ्याकडे आलं, प्राचार्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी अशा दोघांसाठी प्रशिक्षण घ्यायला सांगितलं, आणि तू पहिलाच प्रश्न विचारलास, "मॅडम, वक्ते कुणाला बोलवू?" वक्त्यांचं सगळ्यात शेवटी बघू. त्याआधीचं बरंच सांगायचं आहे आणि ते फोनवर झालं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी एक काम कर. आठवडाभर, रोज एक तास, कॉलेजच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बस. कुणाच्या चुका काढू नकोस, सल्ले देऊ नकोस. जवळ एक वही ठेव. कोण काय विचारायला आलं, त्याला काय उत्तर मिळालं आणि उत्तर देणारा माणूस नेमका कुठे अडला, एवढं लिहीत जा.

हे मला फार उशिरा आणि फार वाईट रीतीने कळलं. प्राचार्य होऊन मला वर्षही झालं नव्हतं. भर पावसात एक मुलगी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. कसाऱ्याहून आलेली, ओढणीतून पाणी ठिबकत होतं. तिने महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता आणि तो कॉलेजपाशी अडकून पडला होता. तीनदा खिडकीवर आली, तिन्ही वेळा "उद्या या" ऐकून परत गेली. ती एका दुकानात कामाला होती. तीन खाडे झाले, तीन दिवसांचे पैसे कापले गेले. हे ऐकून माझा संताप झाला. मी लिपिकांना बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर, ऑफिसातल्या सगळ्यांसमोर त्यांना वाटेल ते बोलले. त्यांची त्या कॉलेजात २२ वर्षं झाली होती. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेले. कीबोर्डखाली वहीचा एक कागद घडी करून ठेवलेला होता. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पहिले निळे बटण. मग खाली जाणे. लाल अक्षरे आली तर बंद करणे, सरांना विचारणे.' हे सर म्हणजे आधीचे लिपिक. ते निवृत्त होऊन गावी गेलेले. आमचे हे गृहस्थ शिपाई म्हणून लागले, पदोन्नतीने कनिष्ठ लिपिक झाले, आणि एके दिवशी त्यांच्यापुढे संगणक आणून ठेवला गेला. शिकवलं कुणीच नाही. लाल अक्षरं आली की ते बंद करायचे आणि मुलांना "उद्या या" म्हणायचे, कारण उद्या कुणीतरी विचारायला सापडेल अशी त्यांना खरोखर आशा असायची. तो अर्ज आधी लिपिकाच्या लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. माझं लॉगिन मी स्वतः एकदाही उघडलेलं नव्हतं. त्याचा पासवर्ड त्याच कागदाच्या मागच्या बाजूला होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. मग आम्ही दोघं शेजारी शेजारी खुर्च्या ओढून बसलो आणि ते पोर्टल एकेक पान करून शिकलो. अख्खी दुपार गेली. त्या मुलीचा अर्ज त्याच दिवशी पुढे गेला, आणि तिच्यामागे अडकलेले बाकीचेही. प्रशिक्षण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती दुपार येते.

आता तुझ्या फोनमधल्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. "लोक नुसते सर्टिफिकेटसाठी येतात," असं तू जरा वैतागून म्हणालीस. थोडं मागचं बघ. कॉलेजच्या शिक्षकालाही नोकरीत असताना शिकत राहावं लागतं, हे १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मान्य केलं आणि त्यातून देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं उभी राहिली. २०१५मध्ये त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं, २०२३मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. तेव्हा अशी १११ केंद्रं होती. आपल्या मुंबई विद्यापीठाचं कलिन्याला विद्यानगरीत आहे. हे शिक्षण पदोन्नतीला जोडलेलं आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत तर सहायक प्राध्यापकाला पहिली पायरी चढायलाच २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो. कॅसची, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेची फाईल अडली तर पगार अडतो, घराचा हप्ता अडतो. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी आलेल्या माणसाला कमी लेखू नकोस. तो आला आहे आणि काही तास तुझ्यासमोर बसणार आहे. त्या तासांत त्याला काय मिळेल, हे तुझ्या हातात आहे.

मी स्वतः कलिन्याला ओरिएंटेशन केला तोही पदोन्नतीसाठीच, आणि तो चार आठवड्यांचा होता. सांताक्रूझला उतरून बस पकडायची, दिवसभर व्याख्यानं. त्यातली किती आठवतात विचारशील तर फार नाहीत. पण माझ्या शेजारी रत्नागिरीहून आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या एक बाई बसायच्या. चहाच्या सुट्टीत त्यांनी सांगितलं की त्या वर्गात शिरल्या शिरल्या फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहितात, त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत आणि तास संपायला पाच मिनिटं उरली की त्या प्रश्नाकडे बोट दाखवतात. मी परत आल्यावर अकाउंट्सच्या तासाला ते करून पाहिलं आणि निवृत्त होईपर्यंत करत राहिले. म्हणून तुझ्या वेळापत्रकात चहाला पंधरा मिनिटं ठेवू नकोस, चांगला पाऊण तास ठेव. आणि रसायनशास्त्रवाले रसायनशास्त्रवाल्यांशेजारी बसणार नाहीत असं बघ. ऑनलाईन कोर्स आहेत, सरकारचं स्वयम् पोर्टल आहे, ते घरी बसून करता येतात. माणसं एका खोलीत आणलीस तर त्यांना एकमेकांशी बोलू दे.

प्राचार्यांचा विषय नाजूक आहे, तरी लिहिते. पंचवीस वर्षं अर्थशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस एका सोमवारी त्या खुर्चीत बसतो. शिकवण्यात तो उत्तम असतो. त्याच्या टेबलावर येतात सेवार्थ या पगाराच्या प्रणालीतली वेतन देयकं, कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे सांगणारं आरक्षणाचं रोस्टर, माहिती अधिकाराचा अर्ज ज्याला ३० दिवसांत उत्तर जायलाच हवं, अंतर्गत तक्रार समितीपुढची एखाद्या मुलीची तक्रार जिची चौकशी २०१३च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. यातलं त्याला आधी कुणी काही सांगितलेलं नसतं. दिल्लीच्या नीपासारख्या शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत प्राचार्यांसाठी वर्ग होतात, पण ते करून मग खुर्चीत बसलेले किती जण तुला भेटले? मला रोस्टर आमच्या कार्यालय अधीक्षकांनी शिकवलं, दर शनिवारी अर्धा तास, दार लावून. त्यांच्याशिवाय माझं पहिलं वर्ष निभावलं नसतं. तक्रार समितीचं काम मात्र असं चालता चालता शिकायचं नसतं. तिथे चूक झाली तर ती एका मुलीला भोगावी लागते. त्यामुळे उपप्राचार्य आणि विभागप्रमुखांसाठी त्या कायद्यावर अर्धा दिवस ठेवच, आणि त्यासाठी खरोखर चौकशा केलेली वकील बाई बोलव.

प्राचार्यांना एकटं भेटून एक विनंती कर: दीपप्रज्वलन करून जाऊ नका, पूर्ण वेळ बसा, आणि पुढच्या सोफ्यावर नको, सगळ्यांमध्ये बसा. साहेब उठून गेले की मागच्या रांगेतले शिपाईसुद्धा ओळखतात की हे काम महत्त्वाचं नाही. ते बसले, त्यांनी वहीत काही लिहून घेतलं, एखादा प्रश्न विचारला, की बाकीच्यांनाही "मला हे येत नाही" म्हणायची भीड राहत नाही.

सत्रांचे विषय तुझ्या वहीतूनच निघतील. एक मात्र मी आत्ताच सुचवते, कारण ते प्रत्येक कॉलेजला लागतं. परीक्षेच्या सकाळची रंगीत तालीम घे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आता पेपरच्या थोडा वेळ आधी कॉलेजच्या लॉगिनला येते आणि इथे छापावी लागते. त्या वेळात झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला, नेट गेलं, वीज गेली तर कोण काय करणार? कोणत्या खोलीत किती प्रती, गठ्ठा कुणाच्या हातात, सही कुठे? हे सांगत बसू नकोस, करून घे. घड्याळ लाव, खोटी प्रश्नपत्रिका छाप, शिपायांना जिना चढायला लाव. आम्ही पहिल्यांदा तालीम केली तेव्हा कळलं की तिसऱ्या मजल्याच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असते आणि तो अंबरनाथहून येतो. गाड्या बंद पडल्या असत्या तर आमच्या उत्तरपत्रिका कपाटातच राहिल्या असत्या.

त्याच तालमीत लेखनिक घेऊन बसणाऱ्या मुलांचाही विचार कर. अपंग विद्यार्थ्याला तासाला निदान २० मिनिटं जादा मिळतात. हे केंद्रप्रमुखांना माहीत असतं. वर्गावरच्या पर्यवेक्षकाला माहीत असेलच असं नाही, आणि घंटा वाजली की तो उत्तरपत्रिका ओढायला जातो. आपल्याच शहरात सेंट झेवियर्समध्ये दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३पासून काम करतंय. तिथून कुणी येणार असेल तर जरूर बोलव. स्क्रीन रीडरने वाचणारा मुलगा तुमची वेबसाइट कशी ऐकतो, हे कर्मचाऱ्यांनी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की नोटिसांचे नुसते फोटो वेबसाइटवर चढवणं आपोआप कमी होतं.

गेटवरच्या सुरक्षा रक्षकाला विसरू नकोस. नवीन मुलगी कॉलेजात सगळ्यात आधी त्याच्याशी बोलते.

आता वेळेचं. रविवार ठेवू नकोस, मेगाब्लॉक असतो आणि ऑफिसातल्या बायकांची आठवड्याची सगळी कामं त्याच दिवशी असतात. संध्याकाळी सहापर्यंत ताणू नकोस. विरारला, कर्जतला जाणाऱ्याचं लक्ष साडेचारनंतर घड्याळाकडे असतं आणि त्यात त्याची चूक नाही. अकरा ते तीन ठेव, मध्ये नीट जेवण दे. वेळ ही मोठी गोष्ट आहे गं. १९४६मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणून नोकरी करणारी मुलं शिकू शकली. कोण शिकणार हे बऱ्याचदा वेळापत्रकच ठरवतं.

आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं काय करणार आहेस? त्यांना तासाप्रमाणे पैसे. प्रशिक्षणाला बसले तर तो तास बुडतो, दुसऱ्या कॉलेजातलाही बुडतो. तुमच्याकडे निम्मे वर्ग तेच घेतात असं तूच म्हणालीस. त्यांना त्या तासांचं मानधन द्यायचं असेल तर विषय महाविद्यालय विकास समितीत न्यावा लागेल. त्या समितीवर तीन शिक्षक आणि एक शिक्षकेतर कर्मचारी निवडून आलेले असतात. बैठकीआधी त्यांना भेट, आकडे कागदावर मांडून दे. नाही म्हणाले तर पुढच्या बैठकीत पुन्हा ठेव. हा विषय सोडू नकोस. ज्यांना शिकण्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच आपण दाराबाहेर ठेवतो, हे मला माझ्या काळातही सुधारता आलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

शेवटी अभिप्रायाचे फॉर्म येतील. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी ते लागतात, नीट भरून घे, फोटो काढ, अहवाल कर. तेही तुझं काम आहे. पण महिन्याभराने पुन्हा त्याच खिडकीच्या आत, त्याच खुर्चीत जाऊन बस. "उद्या या" किती वेळा ऐकू येतंय, तेही त्याच वहीत लिही.

ज्येष्ठ लिपिकांपैकी कुणीतरी म्हणेल, "आम्हाला काय शिकवणार तुम्ही?" त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना जे उत्तम येतं ते विचार आणि एक सत्र त्यांनाच घ्यायला दे. आमचे ते लाल अक्षरांना घाबरणारे लिपिक दोन वर्षांनी शेजारच्या कॉलेजातल्या नव्या मुलांना महाडीबीटी शिकवायला जात होते. इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. तुझ्या वक्त्यांचा प्रश्न इथे बराचसा सुटतो. बाहेरून दोघं-तिघं पुरे. बाकीचे तुझ्या ऑफिसात आणि स्टाफरूममध्येच बसलेले आहेत.

पुढच्या शनिवारी दुपारी ये. निवृत्त होताना त्या लिपिकांनी तो पेन्सिलीने लिहिलेला कागद मला दिला होता, मागचा पासवर्ड नीट खोडून. तो तुला दाखवायचा आहे. येताना तुझी वही आण, तोवर जेवढी पानं भरली असतील तेवढी.

तुझी,
मॅडम