भावाला शाळेत ठेवलं, आता लेकीच्या पाठीशी मामा कोण?

मावशी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका आहे. माहेर-सासर एकाच गावात. २०२० च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ पुण्याजवळच्या चाकणहून बायको अन् तीन वर्षांच्या पोरीला घेऊन गावी आला. कंपनी बंद, खोलीचं भाडं थकलेलं. थोडं पायी, थोडं ट्रकनं आले. आमच्या वेशीवर बोरीच्या काट्या टाकून ठेवल्या होत्या. गावच्या दक्षता समितीत मी पण होते, बाहेरून आलेल्यांची नावं वहीत लिहायचं काम माझं. त्याचंही लिहिलं. "ताई, मले गोठ्यात राहू दे, घरात येत नाही," असं तो म्हणाला. मी नाही म्हटलं. नियमाप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. रोज सकाळी जाऊन ताप, खोकला, दम विचारून लिहून घ्यायची. गावानं म्हणू नये की आशाताईचा भाऊ म्हणून सूट दिली. तेव्हापासून तो माझ्या घराची पायरी चढला नाही. आता परत चाकणलाच आहे. राखी पोस्टानं पाठवते, पोचली म्हणूनही सांगत नाही. आता वैशाखात माझ्या लेकीचं लग्न आहे. पाठीशी मामा कोण उभा राहील? मी तर नियमच पाळला, माझं काय चुकलं? आणि त्याला न विचारता पत्रिकेत नाव छापलं तर चालेल का?

— एक आशाताई

बाई,

नाव लिहिलंस ते बरोबरच केलंस, हे आधी सांगून टाकते. पत्र चार पानांचं होतं, इथं जागेपुरतं घेतलंय. त्या चार पानांत 'नियम' हा शब्द अकरा वेळा आलाय, मी मोजला. आपलं बरोबरच होतं अशी मनाची खात्री असती, तर इतक्यांदा लिहावं लागलं नसतं.

तो मे महिना आठव. नागपूरचा पारा ४७ अंशांवर गेला होता. २५ मार्चपासून सगळं ठप्प. कापूस घरात पडून, कारण सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची खरेदी थांबलेली. पुन्हा सुरू झाली तेव्हा आधी नोंदणी, मग केंद्रापुढे गाड्यांची रांग. मृग तोंडावर आणि बियाण्याला हातात पैसा नाही. अशात पुण्या-मुंबईची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन येऊ लागली. गावाची भीती काही खोटी नव्हती. दवाखाना तालुक्याला, तिथं आधीच गर्दी, आणि घरोघरी दम्याचं नाहीतर साखरेचं एखादं म्हातारं माणूस. माझी आजी पटकीच्या साथीच्या गोष्टी सांगायची. साथ आली की लोक गाव सोडून शेतात झोपड्या करून राहत. काट्या टाकणं, वेस बंद करणं आपल्याला कुण्या सरकारनं शिकवलेलं नाही.

पण त्याच काट्यांतून खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा, येत होता, बाई! तुमच्या गावचं माहीत नाही, आमच्याकडे येत होता. पानठेले बंद, भाव तिप्पट, आणि वेशीवर काठी घेऊन बसलेल्याच्याच गालात पुडी. लग्नाला पन्नास माणसांची मुभा मिळाली तर लोकांनी पहाटे शेतात लग्नं लावली. पन्नास जण मंडपात, आणि बाकीचे दीडशे आपले सहज म्हणून धुऱ्यावरच्या आंब्याखाली उभे. मी हसले होते तेव्हा. आता वाटतं, नियम आपण सगळ्यांनीच सोयीनं पाळला. जिथं जीव अडकला होता तिथं कमी, आणि जिथं भीती वाटत होती तिथं सांगितल्यापेक्षा जास्त.

माझंच घे. एप्रिल २०२१. आमच्या घरामागची काकू गेली. कोरोना नव्हता, हृदयविकारानं गेली. तिच्या हातची आंबाडीची भाजी खाऊन मी मोठी झाले. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती. मी तिच्या मुलाला फोन केला आणि म्हटलं, "वीसच जणं चालतात रे, तुम्हा घरच्यांची अडचण नको." तो "हो मावशी" म्हणाला. नंतर कळलं, मसणात सात जण होते आणि त्यातले दोन ग्रामपंचायतीचे. तेरा जागा रिकाम्या होत्या, त्यातली एक माझी. तो मुलगा आजही रामराम घेतो, पण चहाला बस म्हटलं तर त्याला नेमकं काम निघतं.

म्हणून तुझं पत्र वाचून मला आधी तुझा नाही, माझा राग आला.

आता तुझ्याकडे येते. चौदा दिवस वेगळं ठेवा, अंतर ठेवा, एवढंच सांगितलं होतं. बोलू नका असं कुठं होतं? गोठ्याला नाही म्हणालीस, ठीक. गोठ्याला लागून आईचं घर, आई साठीच्या पुढची. मीही नाहीच म्हटलं असतं. पण नंतरच्या चौदा सकाळी तू शाळेच्या हापशापाशी उभी राहून जे तीन प्रश्न विचारलेस, ते ज्या आवाजात परक्यांना विचारत होतीस त्याच आवाजात त्याला विचारलेस. तीन प्रश्न, चौदा दिवस. तुझ्या सख्ख्या भावानं तुला बेचाळीस वेळा 'नाही' म्हटलं आणि तू बेचाळीस वेळा वहीत फुल्या मारल्यास. "जेवला का रे?" हे एकदाही नाही. डबा आई पाठवायची, तोही शाळेच्या फाटकावर ठेवून शिपाई निघून यायचा, हे तूच लिहिलंयस.

का बोलली नाहीस, तेही तूच लिहिलंयस. गावानं बोट दाखवू नये म्हणून. आणि ही भीती मला पुरती कळते. तुम्हा आशांना त्या दिवसांत काय मिळालं ते विदर्भातल्या कोणत्याही बाईला विचारावं. ओढणीचा मास्क, कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये, आणि ज्या घरी बाळंतपणाला रात्री दोन वाजता धावत गेलीस त्याच घराचं दार तुला पाहून लावलेलं. 'आशा आली म्हणजे रोग आला.' असं ऐकलेली बाई आपल्या भावाशी चारचौघांसमोर गोड बोलायला घाबरणार नाही तर काय. त्या भीतीपायी तू त्याच्याशी परक्यापेक्षा परकी वागलीस. परक्याशी निदान "पाणी आहे का" एवढं बोलत होतीस.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. चार पानांत तुझी वहिनी एकदाच येते, तीही 'त्याची बायको' म्हणून. टिनाच्या छताखाली मे महिना, कडेवर तीन वर्षांची पोर, बाजूच्या खोलीत दुसऱ्या घरची माणसं, सगळ्यांना मिळून एक संडास. चौदा दिवसांत तिची पाळी आली असेल तर तिनं कुणाला सांगितलं असेल? गावात असली गोष्ट आशाताईला सांगतात. आणि आशाताई म्हणजे तिची नणंद, हापशापाशी वही घेऊन उभी. मला खात्रीनं सांगता येणार नाही, पण भाऊ अजून चिडलेला असेल तर तो स्वतःसाठी चिडलाय असं मी धरून चालणार नाही.

तर आता काय करायचं.

फोन करू नको. व्हॉट्सअॅपवर पत्रिकेचा फोटो तर मुळीच टाकू नको. नवऱ्याला पुढं करून "साल्याला समजावा" असं सांगू नको. आणि लेकीला घेऊन जाऊ नको. तिच्याकडे बघून त्याला नाही म्हणता येणार नाही, आणि हे तुला माहीत आहे म्हणूनच ती युक्ती तुझ्या डोक्यात आली असणार. यवतमाळहून पुण्याला रात्रीची गाडी मिळते. एकटी जा. कुरड्या आणि सांडया ने, घरची तूरडाळ ने. ती वही मात्र नेऊ नको. सहा वर्षं जपून ठेवलीस म्हणतेस, ती पेटीतच राहू दे. पुरावा घेऊन गेलेल्या बहिणीला कोण बस म्हणेल?

लग्नासाठीच आली हे तो दारातच ओळखेल, म्हणून लपवूही नको. बसल्या बसल्या सांग, "पोरीचं लग्न ठरलं, त्यासाठी आली. पण ते नंतर." मग जे बोलायचं ते बोल, तुमच्या घरच्या बोलीत बोल. "मी तुझं नाव लिहिलं, ते लिहायचंच होतं. पण तुझ्यासंग बोलली नाही, ते माझं चुकलं." बस, इतकंच. 'पण' लावून पुढं काही जोडू नको. 'सरकारनं सांगितलं होतं', 'तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं', 'तुझ्यापेक्षा हाल झालेले लोक होते', ही तीन वाक्यं घरीच ठेवून जा. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत.

तो ओरडेल कदाचित. ओरडू दे. नाहीतर काहीच बोलणार नाही, टीव्ही लावून बसेल. तेव्हा उठून स्वयंपाकघरात वहिनीपाशी जा. खरं तर तिच्याशी आधीच बोललीस तर उत्तम. तिला सरळ विचार, "शाळेत तुझे काय हाल झाले?" आणि ती सांगेल तेवढं ऐक. तिनं सांगितलेलं खोडून काढू नको, तारखासुद्धा दुरुस्त करू नको. आशांना ती सवय असते, मला माहीत आहे, माझी भाची आशा आहे.

सासरकडचे म्हणतात, भावानं मोठेपणा घ्यावा, इतकी वर्षं झाली. वर्षं मोजून काय होतंय? सरकारनं २०२२ च्या गुढीपाडव्याला होते नव्हते ते सगळे निर्बंध काढून टाकले, मास्कसुद्धा. त्यालाही आता बरीच वर्षं झाली की. आणि मोठी कोण आहे? राखी बांधणारी हातानं बांधते. तू सहा वर्षं पोस्टानं पाठवलीस, पाकिटावर कंपनीत भरतात तसा पूर्ण पत्ता लिहून. एकदा गाडीत बसली असतीस तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. हे कडू लागेल, पण मावशी म्हणून लिहिलंस तर मावशीचं ऐकावं लागतं.

आणि तो नाहीच आला तर? तर चुलत भाऊ उभा राहील, लग्न अडत नाही. पण त्याला आत्तापासून सांगून ठेवू नको. गावातली अशी गोष्ट चाकणला पोचायला गाडी लागत नाही.

राहिली पत्रिका. छापखानेवाला घाई करेल, सिझन आहे म्हणेल. त्याला आठवडाभर थांबव. भावाचं नाव छाप, तो येवो न येवो, मामा म्हणून तिथं त्याचंच नाव येतं, त्याला परवानगी लागत नाही. मात्र खाली मामीचंही नाव घाल. ते तुला नीट माहीत आहे का? माहेरचं वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, घरात हाक मारतात ते तिसरंच. चाकणला गेलीस की कागद-पेन दे तिच्या हातात आणि तिला हवं तसं तिच्याकडूनच लिहून घे.

तुझी,
मावशी