आधी दिवा, मग राक्षस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची गोष्ट, दोन्ही लागोपाठ वाचून काढले. तुला लिहिता येते की नाही आणि शेवटचे सेमिस्टर सोडून हेच करावे की काय, या प्रश्नांची उत्तरे मी देणार नाही. पहिल्याचे उत्तर तुला ठाऊक आहे आणि दुसरा प्रश्न तू आईवडिलांसमोर बसून सोडवायचा आहेस. मी लिहायला बसलो तो तुझ्या एका वाक्यामुळे. इंदूरच्या रामबागेतल्या गल्लीतले पिवळे दिवे गेले, पांढरे एलईडी आले आणि त्या पिवळ्या दिव्यांबरोबर तुझी लहानपणची कल्पनाशक्तीही गेली, असे तू लिहिले आहेस. ते वाचून वाईट वाटले आणि, खरे सांगायचे तर, रागही आला.

रागाचे कारण तुझ्या पहिल्याच पानावर आहे. तिथे ‘गूढ’ आहे, ‘सोनेरी’ आहे, ‘जादुई’ दोनदा आहे, खांबावर बसलेला राक्षस आहे आणि पांघरुणातून त्याच्याकडे पाहणारी मुलगी आहे. दिवा मात्र कुठेच नाही. खांब लोखंडी होता की सिमेंटचा, दिवा तुझ्या खिडकीच्या वर होता की खाली, संध्याकाळी तो लागे तेव्हा कसा लागे, यांपैकी काहीही वाचणाऱ्याला कळत नाही. मग हा राक्षस आला कुठून? लहान मूल राक्षस हवेतून काढत नाही. त्याला आधी काहीतरी दिसते, इतके नेमके आणि इतके चमत्कारिक, की त्याला काय म्हणावे ते मोठ्यांनी त्याला शिकवलेले नसते, आणि त्या अडचणीतून राक्षस जन्माला येतो. आधी दिवा, मग राक्षस. चित्रकलेच्या तासाला मुलांना हेच सांगत आलो, संपादकांशी याच मुद्द्यावर भांडलो, आणि तू कंटाळलीस तरी या पत्रात हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तुझ्या गल्लीत ज्यांना सगळे हॅलोजन म्हणत, ते सोडियम व्हेपरचे दिवे होते. तिन्हीसांजेला वीज सोडली की असा दिवा लगेच पिवळा होत नसे. आतली नळी थंड असताना सोडियमची वाफ झालेली नसते, त्यामुळे आधी नळीतला झेनॉन वायू आणि पारा यांचा फिकट, निळसर पांढरा उजेड दिसे. नळी तापत जाई तसतशी सोडियमची वाफ होई, उजेडात पिवळेपणा चढत जाई आणि काही मिनिटांनी तो दिवा पुरता पेटे. म्हणजे हळूहळू जागा होणारा जो राक्षस तू पाहिलास म्हणतेस, तो खरोखरच हळूहळू जागा होत होता! तुझ्या गोष्टीत मात्र तो एका झटक्यात डोळे उघडतो. का? सिनेमातले राक्षस तसे उघडतात म्हणून. तुझ्याजवळ खरा होता, तो टाकून तू उसना आणलास. तीच गत लाल स्वेटरची. त्या उजेडात लाल रंग तपकिरी दिसतो आणि गडद निळा जवळजवळ काळा. आईने विणलेला लाल स्वेटर घालून संध्याकाळी खेळायला गेलेल्या मुलीला खांबाखाली आपला स्वेटर कोणीतरी बदलल्यासारखा वाटला असणार. त्या एका वाक्यावर मी तुझी सारी ‘जादुई’ पाने ओवाळून टाकीन.

आम्ही नारायण बागेत राहत होतो तेव्हा कोपऱ्यावर असाच एक सोडियमचा दिवा होता, पण म्हातारा झालेला. तो लागे, पिवळा होई, काही वेळ नीट जळे आणि अचानक विझे. नंतर थोड्या वेळाने पुन्हा निळसर होऊन तेच सारे पहिल्यापासून सुरू करी. जुन्या सोडियम दिव्याला जळत राहण्यासाठी विजेचा वाढता दाब लागतो, चोकला तो पुरवता येत नाही आणि दिवा विझतो; तापलेली नळी निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. माझ्या मुलाला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. जेवण झाले की तो ओट्यावर बसून त्या दिव्यावर पहारा करी आणि त्याला ‘डुलक्या’ म्हणे, कारण तो रात्रपाळीच्या चौकीदारासारखा डुलक्या काढतो आणि कोणी ओरडले की दचकून उठतो. हा दिवा ओरडण्याने उठत नाही, हेही त्यानेच पुढे शोधून काढले, ओरडून. मी फक्त ते उतरवून घेतले, चित्रे काढली आणि गोष्ट तयार झाली.

ती गोष्ट तू वाचलेली नाहीस, कारण ती छापली गेली नाही. एका प्रकाशकांना ती आवडली होती; त्यांची मागणी एवढीच होती की शेवटी डुलक्याने मुलांना विजेची बचत करायला सांगावे. मी नाही म्हणालो. तुझी काकू अजूनही म्हणते की एक ओळ घातली असती तर काय बिघडले असते. बिघडले असते. दिवा म्हातारा आहे म्हणून विझतो, हे त्या मुलाने पाहिले होते. तो उपदेश करतो, हे कोणीही पाहिले नव्हते. आधी दिवा. हस्तलिखित कपाटात पडून आहे, मुलगा आता परगावी नोकरीला आहे, आणि मध्यंतरी मी फोनवर सहज नाव काढले तेव्हा त्याने विचारले, “कोण डुलक्या?” याची हळहळ मला आहे आणि ती जाणारी नाही. परंतु त्या ओळीबद्दल तू मला उद्या पुन्हा विचारलेस, तरी मी नाहीच म्हणेन. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणोत. ओट्यावर त्यांचा मुलगा बसलेला नव्हता.

असो, विषय तुझ्या गोष्टीचा आहे. तिसऱ्या पानावर तू पतंगांना दिव्याच्या प्रेमात पाडले आहेस. हे तू पाहिलेले नाहीस, हे तू ऐकलेले आहेस. आपल्याकडे पतंग आणि ज्योत यांचे प्रेम इतक्या कवनांतून गायले गेले आहे की खांबाखाली उभे राहून वर मान करण्याची कोणाला गरजच वाटत नाही. नीट पाहा. पतंग सरळ दिव्यावर झडप घालत नाही. तो घिरट्या घालतो, वर चढता चढता मध्येच थबकतो, कधी दिव्याच्या वर गेला की चक्क उलटा होऊन खाली कोसळतो. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी हेच टिपले आहे: उडणारे कीटक आपली पाठ, म्हणजे शरीराची वरची बाजू, उजेडाकडे ठेवून उडतात, कारण रात्रीच्या वेळी जिकडे उजेड तिकडे आकाश, हे त्यांच्या उडण्यातच बसलेले असते, आणि मधेच दिवा आला की त्यांचे वर-खाली चुकते. ‘या किड्याला वर कुठे आहे ते कळेनासे झाले आहे’ असे जर एखादे पाच वर्षांचे मूल म्हणाले असते, तर ते आपल्या साऱ्या प्रेमकवींच्या पुढे गेले असते. आणि मुली, गोष्ट म्हणूनही हे अधिक भयंकर आहे की नाही?

सावलीचा प्रसंग मात्र तुला साधला आहे, आणि तो का साधला ते तुझ्या लक्षात आलेले दिसत नाही. सावली मागून धावत येते, पायाखालून जाते आणि पुढे पळते, असे तू लिहिलेस. घराकडे चालताना एकामागून एक खांब ओलांडले की अगदी असेच होते, आणि सावलीचे टोक तुझ्याहून वेगाने जाते हेही खरे आहे. दिवा ५ मीटर उंचीवर आणि मूल १.२५ मीटर उंचीचे असेल, तर ते टोक मुलाच्या चालीपेक्षा एक तृतीयांशाने अधिक वेगाने सरकते. मूल कितीही धावले तरी सावली त्याच प्रमाणात पुढे राहते. तुझी मुलगी तिथे हरते, आणि मी वाचताना तिच्याबरोबर धावलो. या परिच्छेदात एकही विशेषण नाही. पाहा.

आपल्या इंदूरच्या विष्णू चिंचाळकरांचे काम तू पाहिले असशील. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. वाळकी पाने, मुळ्या, फुटक्या टाकाऊ वस्तू यांच्यातून ते माणसे आणि पक्षी उभे करीत. पाहणारे थक्क होऊन त्यांच्या कल्पनाशक्तीचे कौतुक करतात, पण मला नेहमी वाटत आले आहे की खरी नवलाई त्यांच्या संयमात आहे. त्या कामात पान हे पानच राहते. ते पान अमुक ठिकाणी असे वळले आहे हे कळेपर्यंत त्यांनी ते हातातून सोडले नसणार, आणि पक्षी नंतर आला असणार.

आता एलईडीविषयी. २०१५ साली केंद्र सरकारने देशभरातले जुने पथदिवे काढून एलईडी लावण्याचा कार्यक्रम सुरू केला. वीज कमी लागू लागली, लाल स्वेटर लाल दिसू लागले आणि हे चांगलेच झाले. त्यावर अश्रू ढाळणारी एकही ओळ मला तुझ्या गोष्टीत नको आहे. पिवळ्या दिव्यांच्या आधी पाऱ्याचे हिरवट दिवे होते आणि त्यांच्याही आधी साधे बल्ब होते. प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणचाच दिवा खरा वाटतो. आज रामबागेत सहा वर्षांची जी मुलगी खिडकीत बसते, तिला पांढरा दिवाच दिसतो, आणि तिचा राक्षस त्यातूनच येणार आहे. तो कसा असेल हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून जाऊन पाहा. पथदिव्याच्या एका चौकटीत पुष्कळ लहान लहान एलईडी असतात, त्यामुळे त्याच्याखाली पिंपळाच्या एकाच पानाच्या सावलीला अनेक कडा पडलेल्या दिसतील. तिथून कृष्णपुऱ्याच्या पुलावर जा आणि नदीत पडलेले दिव्यांचे पट्टे पाहा. प्रत्येक पट्टा नेमका तुझ्याकडेच येतो, तू दोन पावले सरकलीस की तोही सरकतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तेच पट्टे त्याच्याकडे येताना दिसतात. मोठी माणसे हे पाहून पुढे जातात, पण लहान मुलाला दिवा आपल्या मागावर आहे असे वाटते आणि त्याच्या डोळ्यांपुरते ते बरोबरच असते.

वही घेऊन जा, मोबाईलवर फोटो काढू नकोस; फोटोत तू नंतर जे वाचशील ते तिथे उभे राहून पाहिलेले नसेल. राक्षस, चेटकीण, चौकीदार असले शब्द त्या वहीत लिहू नकोस. ते आपोआप येतील, आणि नाही आले तर त्या संध्याकाळपुरते येऊ देऊ नकोस.

दुसरा खर्डा गणपतीच्या आधी मला मिळाला पाहिजे, कारण नंतर झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघाले की तुझे लक्ष पुन्हा झगमगाटाकडे जाईल. सावलीच्या परिच्छेदाला हात लावू नकोस. आणि पाचव्या पानावर राक्षस हिरवागार का आहे, तेही कळव. सोडियमच्या उजेडात हिरवा रंग असा दिसत नाही, मळका दिसतो. एलईडीखालचा असेल तर माझी हरकत नाही.

तुझा,
काका