व्हॅन घेण्याआधी तिच्या पोटाखाली पाहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोव्हेंबरात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार, धाकटीची सीट अजून मागे तोंड करून लावावी लागते, आणि दर महिन्याला मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून शिकागोला नणंदेकडे जाणे-येणे आहे. अशा वेळी तुम्ही दोघांनी वापरलेली मिनीव्हॅन घ्यायचे ठरवले, हे मला अगदी योग्य वाटले. २०१६ ची ऑल-व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, टोयोटा सिएना घ्यावी की २०१५ ची होंडा ओडिसी, असे तू विचारले आहेस. उत्तर देण्याआधी तुला एक विनंती आहे. दोन्ही जाहिरातींतले फोटो पुन्हा एकदा पाहा. चकचकीत दारे आहेत, धुऊन काढलेले गालिचे आहेत, पडद्यावर चालू असलेले कार्टूनसुद्धा आहे. गाडीची खालची बाजू मात्र एकाही फोटोत नाही. मिशिगनमध्ये दहा वर्षे काढलेल्या गाडीचे खरे वय तिथेच कळते.

आपल्याकडे बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ पडते. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे आणि तिथले मीठ रस्त्यांसाठीच वापरले जाते, यावरून त्याचे प्रमाण तुझ्या ध्यानात येईल. साधे मीठ उणे ९ सेल्सिअसच्या खाली फारसे काम करीत नाही, म्हणून त्याच्या जोडीला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची द्रावणेही फवारतात; ती पत्र्याला चिकटून राहतात आणि सांध्यांत झिरपतात. त्यातच मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक काळाने सक्तीची सुरक्षा-तपासणी होत नाही. म्हणजे तू जी व्हॅन पाहते आहेस, तिच्याखाली दहा वर्षांत कोणी जबाबदारीने पाहिलेच नसेल, अशी पूर्ण शक्यता आहे.

मी इथे आलो त्यानंतर काही वर्षांनी घेतलेली पहिली व्हॅन बाहेरून इतकी सुंदर होती की मी तिच्याखाली वाकूनसुद्धा पाहिले नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी घराच्या उतारावरून मागे घेताना ब्रेकचे पेडल सरळ तळाला गेले. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली होती. मुले गाडीत होती. गाडी समोरच्या घराच्या हिरवळीवर जाऊन थांबली आणि कोणाला काही झाले नाही. पण हीच नळी तासभराने महामार्गावर फुटली असती, हा विचार आजही माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

गाडी विकणाऱ्याशी ज्याचा काही संबंध नाही अशा मेकॅनिककडे व्हॅन ने, ती लिफ्टवर चढवायला सांग आणि तू स्वतः खाली उभी राहा. ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या, पुढचे इंजिन तोलून धरणारी सबफ्रेम, मागचा ॲक्सल, स्प्रिंगच्या बैठका आणि दारांखालून लांबवर जाणारी पत्र्याची पट्टी, हे सगळे एकेक करून पाहा. वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरू नकोस, तो इथल्या प्रत्येक गाडीला असतो. पण मेकॅनिकने हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर पापुद्रे सुटत असतील किंवा भोक पडत असेल, तर किंमत कितीही कमी केली तरी नकार दे. मिनीव्हॅनमध्ये आणखी एक जागा विसरली जाते: मागच्या रांगेच्या हीटरकडे गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, नेणाऱ्या नळ्या गाडीच्या खालून जातात आणि त्याही गंजतात. त्या गळू लागल्या की आधी मागे बसलेली माणसे गारठतात आणि पुढे इंजिनही तापू शकते. जुन्या गाडीच्या पोटाला नुकताच काळा कुळकुळीत लेप दिलेला दिसला, तर त्याखाली काय आहे हे कळेपर्यंत पैसे देऊ नकोस.

आता ऑल-व्हील ड्राइव्हचा प्रश्न. बर्फात गाडी जागची हलवायला आणि चढावर न्यायला ती खरोखर उपयोगी पडते. परंतु ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल आणि वळणावर रस्ता धरून राहील की नाही, हे टायरचे रबर ठरवते. तापमान ७ सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि बारमाही टायरही कडाक्याच्या थंडीत पकड गमावतात. हिवाळी टायरचे रबर तेव्हाही मऊ राहते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेली खूण असते, ती पाहून चार टायर घे. दोनच बदलण्याचा मोह टाळ, कारण पुढची चाके धरतात आणि मागची घसरतात, तेव्हा गाडी गरकन फिरते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने २०१२ च्या मॉडेलपासून गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता-यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे ती तुझ्या दोन्ही गाड्यांत आहे. पण तिलाही शेवटी टायरच्याच पकडीवर काम करावे लागते. तुझ्या घरापर्यंतचा रस्ता सपाट आहे आणि तो वेळेवर साफ होतो. म्हणून चांगले हिवाळी टायर लावलेली पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन मला बारमाही टायरवरच्या ऑल-व्हील व्हॅनपेक्षा अधिक भरवशाची वाटते. एकूण रकमेतले हजारएक डॉलर टायर आणि साध्या लोखंडी रिमसाठी आधीच वेगळे काढून ठेव. गाडी घेऊन झाल्यावर ते उरत नाहीत.

सिएनाबद्दल एक गोष्ट जाहिरातीत लिहिलेली नाही. त्या पिढीच्या ऑल-व्हील सिएनात जादा चाक नसते. पंक्चर झाले तरी काही अंतर चालतील असे रन-फ्लॅट टायर कारखान्यातून येत. ते महाग असल्यामुळे अनेक मालक पुढे साधे टायर बसवतात, आणि मग रात्री शिकागोच्या वाटेवर कॅलमाझूच्या पुढे टायर फाटला तर गाडीत ना रन-फ्लॅट असतो ना जादा चाक. त्या गाडीला आता कोणते टायर आहेत हे स्वतः वाचून पाहा. ओडिसी फक्त पुढच्या चाकांवर चालते, आणि तिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा पट्टा, आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. साधारण एक लाख मैल किंवा सात वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तो बदलावा लागतो, म्हणून ओडिसीचा ९६,००० मैलांचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नकोस. वर्षांचा हिशेब केव्हाच उलटून गेला आहे. बेल्ट आणि पाण्याचा पंप बदलल्याची पावती माग. पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा कर. सिएनाच्या इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे, तिथे हा खर्च येत नाही.

तुमचा मार्ग आय-९४ चा आहे, म्हणून महामार्गाविषयी थोडे अधिक लिहितो. पश्चिमेचा थंड वारा मिशिगन सरोवराच्या उबदार पाण्यावरून बाष्प उचलतो आणि कॅलमाझूच्या पट्ट्यात ते बर्फ होऊन कोसळते. ॲन आर्बरला ऊन असताना तिथे समोरचा ट्रक दिसत नाही, असे मी अनेकदा अनुभवले आहे. ९ जानेवारी २०१५ रोजी गेल्सबर्ग आणि बॅटल क्रीक यांच्या दरम्यान याच रस्त्यावर १९३ वाहने एकमेकांवर आदळली होती. अशा वेळी काच स्वच्छ राहणे आणि आपण इतरांना दिसणे यावर जीव अवलंबून असतो. म्हणून चालवून पाहताना पुढच्या काचेचे धुके किती वेळात जाते, मागच्या काचेच्या सगळ्या तारा तापतात का, हेडलाइटची भिंगे पिवळी पडली आहेत का, हे पाहा. निदान वीस मिनिटे महामार्गावर ७० मैलांच्या वेगाने चालव आणि रेडिओ बंद ठेव. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. स्टिअरिंगमधली थरथर टायरची किंवा वाकलेल्या रिमची असू शकते. गिअर बदलताना धक्का बसत असेल, तर ती गाडी सोडून दे.

घरच्या माणसांच्या सोयीचे तू जाणतेसच, तरी दोन गोष्टी सांगतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना मधल्या रांगेत स्वतःहून चढता-उतरता येते का, हे मुलांच्या सीटा प्रत्यक्ष लावूनच ठरव. त्या सीटा बरोबर घेऊन जा. आणि आजी मायेने बाळाला जाड कोट घालूनच सीटमध्ये बसवू पाहतील, तेव्हा त्यांना समजावून सांग, की कोट फुगलेला असला की पट्टे घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण धडक बसली की तो चेपतो आणि पट्टे सैल पडतात. पट्टे आधी आवळावेत, पांघरूण वरून घालावे.

कागदपत्रांत गाडीच्या १७ अक्षर-अंकांच्या ओळख-क्रमांकावरून अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर राहिलेले रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्याच्या सूचना, पाहा. २०११ ते २०१६ च्या सिएनांच्या विजेवर सरकणाऱ्या दारांसाठी २०१६ च्या अखेरीस रिकॉल निघाला होता, तो या गाडीवर पूर्ण झाला आहे का, हे मुद्दाम विचार.

तू मांडलेल्या माहितीवरून माझा कल ओडिसीकडे आहे. परंतु तिचे पोट गंजलेले निघाले आणि सिएनाचे चांगले निघाले, तर मी क्षणभरही विचार न करता सिएना घ्यायला सांगेन. शनिवारी मी मोकळा आहे. ओडिसीवाल्यांना सकाळी नऊची वेळ दे आणि आपण पोहोचण्याआधी इंजिन सुरू करू नका, असे आवर्जून सांग. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी पहिल्या किल्लीला कशी सुरू होते, ते मला ऐकायचे आहे. टॉर्च आणि अंथरायला जुनी सतरंजी मी घेऊन येतो.

तुझा,
काका